भाकरी, भात, पाव, पोहे: यहुदी पाहुण्यांच्या ताटात आपलं काय चालतं?

आधी उत्तरच सांगते, कारण फोन करणाऱ्याला तेच हवं असतं. जोंधळा, तांदूळ, गहू, नाचणी, बाजरी, मका, राळं असं शेतातून आलेलं आणि काही न मिसळलेलं कुठलंही धान्य यहुदी धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसतं. त्या नियमांत बसणाऱ्या अन्नाला ते कोशर म्हणतात. कुठला प्राणी चालतो आणि कुठला नाही याचे त्यांच्यात बारीक नियम आहेत, पण धान्याची जात म्हणून वर्ज्य असं काही नाही. एका सणाचे दिवस आणि नवा गहू, एवढे अपवाद पुढं सांगते. प्रश्न येतो तो धान्य खळ्यावरून निघून ताटात पडेपर्यंत. त्याला कीड लागली का? मळताना त्यात काय पडलं? कुठल्या तव्यावर भाजलं? चूल कुणी पेटवली? एवढं सांभाळलं तर बेळगावच्या स्वयंपाकघरातलं बरंच काही त्यांना बिनघोर वाढता येतं.

वडगावात आमची पिठाची गिरण आहे आणि मागच्या सोप्यात भाकऱ्यांचं काम चालतं. गोव्याहून चोर्ला घाटानं हंपीकडे जाणारे इस्रायली पर्यटक आता आपल्याकडे बरेच दिसतात. जांबोटी, खानापूरकडे ज्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केलीय, ती मंडळी माझ्याकडून भाकऱ्या नेतात आणि विचारतात, ‘वहिनी, ह्यांस्नी चालतंय काय हो हे?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मला हे शिकवलं ते आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या ठाण्याच्या मावशींनी. मावशी बेने इस्रायल समाजाच्या. घरी मराठी बोलणारा, आडनावाच्या शेवटी गावाचं नाव आणि ‘कर’ लावणारा हा कोकणातला यहुदी समाज. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असं ते सांगतात. पुढं तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, ते यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ह्या समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. म्हणजे हा विषय फक्त परदेशी पाहुण्यांचा नाही. पुण्या-मुंबईहून आपल्याकडे लग्नाकार्याला, नोकरीला येणारं माणूसही तो असू शकतो.

‘शाकाहारी आहे’ म्हणून वाढू नका

आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘पूर्ण शाकाहारी आहे, खाऊन घ्या.’ मनापासूनच म्हणतो आपण, पण तेवढं पुरत नाही. पुड्यावरच्या चौकोनातला हिरवा ठिपका एवढंच सांगतो, की आत मांस, मासा, अंडं नाही. मावशी हिरवा ठिपका बघायच्या, पण त्याला पहिली पायरी समजायच्या. चीजमध्ये घातलेलं विरजण, द्राक्षापासून केलेला सिरका, त्याच यंत्रावर आधी काय तयार झालं, ह्यातलं काहीच तो ठिपका सांगत नाही. उलट अंडं त्यांना चालतं, फोडल्यावर आत रक्ताचा ठिपका नसला की झालं. म्हणजे आपली शाकाहाराची रेघ आणि त्यांची कोशरची रेघ वेगवेगळ्या जागी ओढलेल्या आहेत. आपली रेघ त्यांच्यावर लादू नये.

आपल्याकडच्या जैन घरांतली शिस्त मात्र कामाला येते. बेळगाव, चिकोडी भागात जैन वस्ती मोठी. धान्य निवडणं, पीठ चाळणं, जीवजंतू अन्नात जाऊ नये म्हणून जपणं हे त्या घरांत लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. कारण वेगळं, पण हाताला लागलेली सवय तीच. पाहुण्यांचं करायला मदतीला कोण घ्यावं असं मला कुणी विचारलं, तर मी अशा घरातल्या बाईचं नाव आधी सुचवते.

कीड: सगळ्यात मोठं काम हेच

ह्या मुद्द्याला मी जास्त जागा देणार आहे, कारण धान्याच्या बाबतीत खरी कसोटी हीच. रांगणारे, वळवळणारे बारीक जीव खायला तोराहमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथात, सक्त मनाई आहे. मेलेला किडासुद्धा किडाच. नुसत्या डोळ्यांना दिसेल तेवढ्याचा हिशोब, सूक्ष्मदर्शक लावायची गरज नाही. पण डोळ्यांना दिसेल ते बघायलाच हवं, तिथं सूट नाही.

आपल्याकडे हे अवघड का, तर आपल्याला जुना तांदूळ आवडतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बेळगाव बासमती घरात वर्ष-वर्ष मुरवून ठेवतात. जुना झाला की भात मोकळा होतो, वासही भरतो. पण मृग निघाल्यापासून नवरात्रापर्यंत इथली हवा ओली असते. श्रावणात पोतं उघडलं की पोरकिडे हजर. रविवार पेठेत मी एकदा तांदूळ हातावर घेऊन उन्हाकडे धरून बघत होते, तेव्हा दुकानदार म्हणाले, ‘कुठलं किडं घेऊन बसलायसा वहिनी, धुतलं की जातंय की!’ धुतल्यावर जातात ते बाहेरचे. दाण्याच्या आत बसलेला जात नाही.

मावशींची पद्धत अशी. सकाळी खिडकीशी पांढरं सुती कापड अंथरायचं. ट्यूबलाइटचा उजेड चालत नाही, सावल्या पडतात. मूठभर तांदूळ असा पसरायचा की दाण्यावर दाणा राहू नये. पसरल्या पसरल्या निवडायला लागायचं नाही. दोन-चार मिनिटं हात मांडीवर ठेवून नुसतं बघायचं. दोन-तीन मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, पुढं बारीक सोंड असलेला पोरकिडा तेवढ्या वेळात आपणहून चालायला लागतो. मग दाणे बघायचे. टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर तो दाणा नखानं फोडायचा. आत पांढरी अळी किंवा नुसता भुगा सापडतो. तीन-चार दाणे बारीक जाळ्यानं एकमेकांना चिकटलेले दिसले, तर ते पतंगाच्या अळीचं काम. असे दाणे सुटे करून परत टाकायचे नाहीत, सगळा पुंजकाच बाजूला काढायचा. एका वेळच्या तपासणीत तीन किडे सापडले, जिवंत असोत की मेलेले, की मावशी ती पिशवी मोडीतच काढायच्या. निवडत बसायच्या नाहीत.

निवडून झालं की कोमट पाणी. तांदूळ पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचा. पोकळ दाणे, भुसा, राहिलेले किडे वर येतात. ते पाणी मोरीत ओतून मोकळं होऊ नका. आधी पांढऱ्या वाडग्यात घेऊन बघा. त्यात काही दिसलं तर पुन्हा एक पाणी. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

शाळू जोंधळ्याचं काम त्यामानानं सोपं, दाणा मोठा आणि गोल, भोक लगेच दिसतं. कणसाला काळी काणी धरलेली असते, तिच्यावरून काहीजण घाबरतात. काणी ही बुरशी. ती काढायलाच हवी, पण कोशरच्या दृष्टीनं ती किडा नव्हे. नाचणीचे दाणे इतके बारीक की एकेक बघणं होत नाही. म्हणून ती बारीक चाळणीनं चाळून, पाण्यात हलवून धुवायची, उन्हात कडक वाळवायची आणि लगेच दळायची.

धान्य टिकावं म्हणून कडुनिंबाचा पाला घालतात, त्याला काही हरकत नाही. पण पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. सुटा टाकला तर वाळून चुरा होतो आणि त्या चुऱ्यात किडा कुठला, पाल्याचा देठ कुठला, हे ओळखता येत नाही. एरंडेल लावलेली डाळ, तांदूळही चालतं. फ्रीजरचं म्हणाल तर तिथं नवी कीड वाढत नाही, पण आधीची असली तर ती मरून तिथंच राहते. म्हणून आधी निवडायचं, मग फ्रीजर.

आणि गिरणवाली म्हणून एक सांगते. ‘किडकं असलं तरी दळून आणू, पिठात कुठं दिसतंय’ हा विचार पाहुण्यांच्या बाबतीत मनातही आणू नका. दोष मुद्दाम दळून झाकणं त्यांच्या धर्मात मना आहे, आणि आपल्या माणुसकीलाही ते शोभत नाही. धान्य स्वच्छ करून घेऊन या, डोळ्यासमोर दळून घ्या आणि त्याच आठवड्यात वापरा. मैदा, रवा विकतचा असेल तर मैदा मैद्याच्या बारीक चाळणीनं चाळा. रवा त्या चाळणीतून जात नाही, तो ताटात पातळ पसरून जाळी धरलीय का बघा. डब्याच्या झाकणाच्या आट्यांतही बघा, अळ्या पहिल्यांदा तिथंच सापडतात.

तवा आणि आग

पीठ शुद्ध झालं, आता तवा. आपल्या भागात ज्या घरी मटणाचं ताट होतं, त्याच घरच्या तव्यावर भाकरीही होते. यहुदी माणसाला नुसतं हलाल केलेलं मांस पुरत नाही, तो त्याच्या स्वतःच्या धर्मनियमानं कापलेलं आणि तपासलेलं मांसच खातो. बाकीचं मांस ज्या तव्याला, पातेल्याला तापवून लागलं, ते भांडं त्याच्यासाठी बाद. घासून, चिंच लावून लख्ख केलं तरी बाद. लोखंडी भांडं जाळात लाल करून किंवा काही भांडी उकळत्या पाण्यात घालून शुद्ध करायची त्यांची रीत आहे, पण ते काम जाणकारानं करायचं. मातीचं भांडं तर कशानंच शुद्ध होत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: नवा तवा घ्या. एक लोखंडी तवा, एक पातेलं, एक उलथणं, एक काटवट किंवा परात. हे सामान वेगळ्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा आणि पाहुणे आले की काढा. नव्या लोखंडी तव्याला गंज धरू नये म्हणून कारखान्यात काहीतरी चोपडलेलं असतं. तो साबणानं, गरम पाण्यानं स्वच्छ धुवा आणि शेंगतेलावर मुरवा. चरबीवर नाही.

आता आग. हा नियम आपल्याला पटकन लक्षात येत नाही, पण त्यांच्यासाठी तो मोठा आहे. भात, भाकरी अशा कच्च्या न खाता येणाऱ्या आणि पंगतीला वाढण्याजोग्या गोष्टी पूर्णपणे बिगर-यहुदी माणसानं शिजवल्या तर धर्मानं वागणारा यहुदी त्या खात नाही. ह्यात आपल्या हाताला कमीपणा आहे असं अजिबात समजू नका. हा त्यांच्या धर्मगुरूंनी पूर्वापार घालून दिलेला दंडक आहे. त्यावर उपायही सोपा आहे. पाहुण्याला हाक मारा आणि गॅस त्यालाच पेटवायला सांगा. युरोपातून आलेल्या घराण्यांच्या रीतीप्रमाणे एवढं पुरतं. बेने इस्रायल आणि पूर्वेकडच्या इतर यहुद्यांत पातेलं चढवण्याचं किंवा भाकरी तव्यावर टाकण्याचं कामही त्यांच्या हातून व्हावं लागतं. मावशी आमच्याकडे आल्या की म्हणायच्या, ‘तू थाप गं, तव्यावर मी टाकते.’ भाकरी थापायची माझी, टाकायची त्यांची, पाणी फिरवून उलटायची पुन्हा माझी. असं आमचं छान जमायचं.

मधे गॅस विझवू नका. बारीक करा, पण विझवू नका. विझला तर पुन्हा पाहुण्यालाच बोलवा.

आपल्याकडच्या लिंगायत खानावळीतली कडक भाकरी मला ह्या कामी फार सोयीची वाटते. जोंधळ्याचं पीठ, पाणी, मीठ, कधी वर तीळ. स्वयंपाकघरात मांस-मच्छी नाही. भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून प्रवासात बरी पडते. तरीही तवा त्यांचा आणि आग त्यांचीच, म्हणून काटेकोर पाळणारा पाहुणा ती घेणार नाही, सैल पाळणारा आनंदानं घेईल. हे त्यानं ठरवायचं. चुरमुऱ्यांचंही तसंच. खारं पाणी लावून तापल्या वाळूत फुलवलेला तांदूळ, त्यात दुसरं काहीच नाही. पण भट्टीवर भाजलेल्या अशा खाऊला आगीचा नियम लावायचा की नाही, ह्यावर त्यांच्यात मतं वेगळी आहेत. भडंग केलंत तर तेल, लसूण, शेंगदाणे, तिखट सगळं पाहुण्याला सांगून करा.

दूध-तूप: भाकरीवर लोणी आधी विचारून

मांस आणि दूध ते एका जेवणात कधी घेत नाहीत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ह्या तोराहमधल्या आज्ञेतून हा नियम वाढत आला. मांस खाल्ल्यावर दुधाचं खायला काही घराण्यांत सहा तास थांबतात. त्यामुळे भाकरी, भात, पाव हे ना दुधाचे ना मांसाचे असे मधले राहिलेले त्यांना बरे, म्हणजे कशाबरोबरही खाता येतात. पावाच्या बाबतीत तर जुना नियमच आहे, की पीठ दुधात मळू नये. फारच थोडं केलं किंवा आकार वेगळा ठेवून दुधाचा पाव सहज ओळखू येईल असा केला, तरच चालतो.

आपल्या सवयी इथं आड येतात. चपातीच्या कणकेत दुधाचा हात, भाकरीवर लोण्याचा गोळा, गरम भातावर तूप. प्रेमानं घालतो आपण. पण हे सगळं बाजूला वाटीत ठेवा आणि पाहुण्याला आपल्या हातानं घेऊ द्या. काहीजण दूध काढताना यहुदी माणूस हजर असेल तरच ते दूध घेतात, म्हणून ताक घातलेली नाचणीची आंबील, दहीभात हेही आधी विचारूनच. आंबील नुसत्या पाण्यावर, मीठ-जिरं घालून करा, कुणालाच अडचण नाही. चपाती तेलावर. मांडे मात्र तूप-साखरेचे, आणि तेही आचाऱ्याच्या खापरावर भाजलेले. ते पाहुण्याला दाखवा, सांगा, पण आग्रह करू नका.

हुग्गी आवर्जून करा. खपली गव्हाची हुग्गी गुळात शिजवून, खसखस आणि सुकं खोबरं घालून आपण करतोच. वरून दूध न घालता नारळाचं दूध घातलं, की ती कुठल्याही जेवणाबरोबर चालते. चवीत मला तरी काही कमी वाटत नाही. मावशी त्यांच्या नव्या वर्षाला, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला, चिकाचा हलवा करायच्या. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा, अगदी कुरडयांना काढतो तसाच. तो नारळाच्या दुधात आणि साखरेत मंद आचेवर घोटत राहायचं. कढईच्या कडा सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर तळ लागतो. मग ताटात ओतून वरून बदाम-पिस्त्याचे काप. थंड झाला की वड्या. दुधाचा थेंब नाही, तुपाचीही गरज नाही.

पाव आणि बिस्किटं

इथं मी फार वेळ घालवत नाही. सुट्या पावावर लेबल नसतं. कणकेत काय घातलं, ट्रेला काय चोपडलं, त्याच भट्टीत आणखी काय भाजलं, हे बेकरीवाल्यालाच ठाऊक. बेकरीवाला सगळं उघडपणे दाखवणारा असेल तर पाहुण्याला घेऊन जा आणि त्यालाच बघू द्या. बेकरीतल्या पावाला काही यहुदी घराणी घरच्या पावापेक्षा सवलत देतात. बिस्किटांत दुधाची पावडर असते, आणि एकजीव करणारे पदार्थ आकड्यांत लिहिलेले असतात. त्यांतला ४७१ वनस्पतीपासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही.

पुड्यावर कोशरची खूण असेल तर काम सोपं. गोलातलं रोमन यू, चांदणीतलं के अशा खुणा बारीक अक्षरात नावाजवळ असतात. त्यांच्यामागे तपासणाऱ्या संस्था असतात. शेजारी डी असेल तर ते दुधाचं. शेजारी एकटं पी दिसलं तर ते वल्हांडणाच्या सणाला चालणारं, असं समजायचं. नुसतंच एक के अक्षर छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नये, ते अक्षर कुणीही छापू शकतं.

शुक्रवार संध्याकाळ

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात आग पेटवायची नाही, शिजवायचं नाही. म्हणून पाहुणे शुक्रवारी मुक्कामाला असतील तर सगळा स्वयंपाक दिवस मावळायच्या आधी आटपा. त्या रात्रीच्या जेवणाला दोन अख्ख्या पावांवर आशीर्वाद म्हणतात. हे पाव गहू, स्पेल्ट नावाचा जुना गहू, जव, राय आणि ओट ह्या पाच ठरावीक धान्यांचेच लागतात. जोंधळ्याची किंवा तांदळाची भाकरी कितीही चांगली झाली तरी ह्या जागी ठेवता येत नाही. दोन जाडसर गव्हाच्या पोळ्या, न मोडलेल्या, झाकून ठेवा. पाहुण्यानं स्वतःचं पीठ आणून घसघशीत मळलं, साधारण सव्वा किलोच्या वर, तर तो कणकेचा एक गोळा बाजूला काढून जाळेल. त्याला अडवू नका, ‘वाया कशाला’ म्हणू नका. तो त्यांच्या धर्माचा भाग आहे.

वल्हांडण आणि नवा गहू

बहुतेक वर्षी चैत्र पौर्णिमेच्या आसपास त्यांचा पेसाह, म्हणजे वल्हांडण, लागतो. भारतात तो आठ दिवस पाळतात. त्या दिवसांत पाचही धान्यांचं फुगलेलं, आंबलेलं काहीही घरातसुद्धा ठेवत नाहीत. गव्हाच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाकर भाजून झाली नाही, तर ते आंबलं असं धरतात. आपण पीठ मळून अर्धा तास मुरवतो, म्हणजे आपली एकही चपाती त्या आठवड्यात चालायची नाही. खपली गहूही गहूच. ‘जुन्या वाणाचा आहे, वेगळा आहे’ असं म्हणून देऊ नका.

तांदूळ, मका, डाळींच्या बाबतीत घराण्याघराण्यांत फरक आहे. युरोपीय परंपरेची घराणी त्या आठवड्यात हेही वर्ज्य करतात. बेने इस्रायल घरांत तांदूळ चालतो. पण तो गव्हाच्या दाण्यासाठी पुन्हा निवडावा लागतो, आणि तांदळाचं पीठ गिरणीत दळलेलं चालत नाही, कारण जात्यात आधीच्या गव्हाचं पीठ राहिलेलं असतं. मी कितीही झाडलं तरी दगडाच्या टाक्यांत ते राहतंच. घरच्या मिक्सरला, तोही नव्या भांड्यात, दळून घ्यायचं. आणि हिंग! आपल्या फोडणीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. आठ दिवस फोडणीत हिंग नको.

नव्या गव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. पाच धान्यांचं नवं पीक वल्हांडणाचा दुसरा दिवस उलटेपर्यंत खायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. त्या दिवसाआधी ज्या रोपानं मुळं धरली, ते पीक तो दिवस गेला की खायला मोकळं. आपला गहू रब्बीचा. दसरा-दिवाळीत पेरला जातो आणि शिमग्याच्या आसपास खळ्यावर येतो. म्हणजे तो फार तर काही आठवडे थांबतो आणि चैत्र पौर्णिमेनंतर चालायला लागतो. मधल्या दिवसांत काटेकोर पाळणारा पाहुणा आला तर गेल्या वर्षीचा गहू दळून द्या. जोंधळा, तांदूळ, नाचणीला हा नियमच नाही.

पार्सल देताना

रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्याला बांधून द्यायचं असेल तर मी दोन सोपे पदार्थ सुचवते. एक, वरच्या रीतीनं केलेली जोंधळ्याची भाकरी आणि शेंगांची किंवा गुरेळ्याची कोरडी चटणी. दुसरा, मलिदा. बेने इस्रायल लोक एलियाहू हनाबी ह्या त्यांच्या पैगंबराच्या नावानं शुभकार्याला करतात तो. पातळ पोहे निवडून, धुऊन, निथळून घ्यायचे. ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलदोडा, बदाम, मनुका घालून हलक्या हातानं मिसळायचं. घरी चूल पेटवायचीच नाही. सोबत फळं. पोह्यांत बारीक किडे असतात, तेवढे मात्र कापडावर पसरून बघा, आणि मनुका चिरून आतून बघा. मलिदा त्याच दिवशी संपवायला सांगा, ओल्या खोबऱ्यानं तो उतरतो.

डब्याऐवजी नवी कागदी पिशवी किंवा अॅल्युमिनियमचा कागद वापरा, दोन घड्यांत बांधा आणि वर चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर ‘कोशर’ असं लिहू नका. ते ठरवणं त्यांच्या धर्मगुरूंचं आणि त्यांचं स्वतःचं काम. आपण खरं तेवढं लिहायचं: जोंधळ्याचं पीठ, पाणी, मीठ. तूप, लोणी, दूध नाही. नवा तवा. गॅस पाहुण्यानं पेटवला, किंवा नाही पेटवला. भाजल्याची तारीख. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहून ठेवा, आणि खाली आपला फोन नंबर, म्हणजे हुबळी-होस्पेटला पोचल्यावर त्याला काही शंका आली तर विचारता येईल.